सहा मिनिटांची चाल, साडेतीनशे किलोमीटरांची वाट

सिरोंच्याच्या जंगलातून दरवर्षी उन्हाळ्यात जे तेंदूपान बाहेर जाते, त्याचा हिशेब मोठा काटेकोर असतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पान डागाळलेले असले तर पुडा बाजूला काढला जातो, आणि पुडा बाजूला गेला तर मजुरी कापली जाते. एका पानाचीही चूक होऊ नये म्हणून कंत्राटदाराचा मुनीम दक्ष असतो. हेच पान पुढे प्राणहिता व गोदावरी ओलांडून तेलंगणातील निजामाबाद-करीमनगरच्या स्त्रियांच्या सुपात पडते, किंवा कामठी-गोंदियाच्या वाटेला लागते. तेथे त्याची विडी होते आणि ती विडी मजुराच्याच ओठांत परत येते. पानांचा हिशेब असा चोख ठेवणाऱ्या या व्यवस्थेने, त्या धुराने ज्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात त्यांचा हिशेब मात्र कधी ठेवलेला नाही. तो कोणी मागितलाही नाही, आणि या दुसऱ्या गोष्टीचा दोष शासनाइतकाच चळवळींकडेही जातो.

लिओ बर्जर या शल्यविशारदाने १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये एका विकाराचे वर्णन केले. ऐन उमेदीतल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांच्या हातापायांच्या लहान रोहिण्या सुजतात, त्यांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, आणि बोटे काळी पडून गळतात. अमेरिकेत हा विकार पुढे दुर्मीळ झाला. भारतात विडी ओढणाऱ्या श्रमिकांत तो टिकून राहिला. प्रथम चालताना पोटरीत कळ येते. थांबले की कळ थांबते, म्हणून माणूस ती अंगावर काढतो. मग अंगठ्याला काटा लागल्याचे निमित्त होते, जखम भरत नाही, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप येत नाही, आणि अखेरीस बोट, मग पाऊल, मग पाय. बर्जरच्या विकारात लहान वाहिन्याच बंद पडत असल्यामुळे नवी वाहिनी जोडण्यास पुष्कळदा जागाच उरत नाही; तंबाखू पूर्ण सोडणे हाच तेथे खरा उपचार. परंतु पन्नाशी-साठीनंतर तंबाखू, मधुमेह व वाढलेला रक्तदाब यांमुळे मोठ्या रोहिण्या अरुंद होतात, किंवा पोटातील महारोहिणीची भिंत सैल पडून तिला फुगा येतो, तेव्हा शस्त्रक्रिया पाय वाचवू शकते व प्राणही वाचवू शकते. प्रश्न उभा राहतो तो येथे. ही शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद या शरीरात आहे का, आणि ते ठरवायचे कोणी व कशावरून?

महारोहिणीवरील उघडी शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या मुख्य पाटाला मध्येच बांध घालणे होय. शल्यविशारद महारोहिणीला चिमटा लावतो, त्या क्षणी हृदयाला अरुंद वाटेवर जोर लावावा लागतो. चिमटा काढला की खालच्या अंगात साचलेले आम्लयुक्त रक्त एकदम वर येते व रक्तदाब कोसळतो. हे काही तासांचे झाले. खरी परीक्षा त्यानंतरच्या काही दिवसांत असते. जखम भरून काढण्यासाठी, ताप व वेदना सोसण्यासाठी, शरीराची प्राणवायूची गरज विश्रांतीच्या वेळच्या गरजेच्या सुमारे दीडपट होते, आणि ती रात्रंदिवस तशीच राहते. माणूस खाटेवर निजलेला दिसतो, परंतु त्याचे हृदय व फुप्फुसे जणू चढावरून चाललेली असतात. ज्याला निरोगी अवस्थेत चढ चढता येत नव्हता, तो येथे दमतो. आणि या जागी दमणे म्हणजे मृत्यू.

मग तो चढ शस्त्रक्रियेपूर्वीच चढायला लावून का पाहू नये? मेलबर्न येथील पॉल ओल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेस निघालेल्या १८७ वृद्धांना स्थिर सायकलवर बसवून, तोंडाला नळी लावून, त्यांच्या श्वासातील प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड मोजण्यात आला. श्रम वाढत जातात तसा एक बिंदू असा येतो की स्नायूंना रक्तातून येणारा प्राणवायू पुरेनासा होतो व ते त्याच्याविना ऊर्जा निर्माण करू लागतात. श्वास एकाएकी धापेत बदलतो. भारा घेऊन टेकडी चढताना बोलणे जेथे तुटते, साधारण तो हा बिंदू. हा बिंदू शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटर प्राणवायूच्या आत ज्यांच्या बाबतीत आला असे ५५ रुग्ण होते. त्यांपैकी १० दगावले. उरलेल्या १३२ जणांपैकी दगावला एक. वय, नाडी, छातीचे चित्र यांनी जे सांगितले नव्हते, ते दहा मिनिटांच्या श्रमाने सांगितले. पुढील अभ्यासांत ही रेघ इतकी ठळक राहिली नाही, हेही खरे. तथापि शस्त्रक्रियेचा धोका हा रुग्णाने किती वर्षे पाहिली यापेक्षा तो किती श्रम पेलू शकतो यावर अधिक अवलंबून असतो, हा मूळ विचार टिकला आहे. आज अनेक संपन्न देशांतील रुग्णालयांत महारोहिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी अशी श्रमचाचणी होते.

या विषयात एका थोर समाजवाद्याचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील महारोहिणीला फुगा होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी त्यावर सेलोफेन गुंडाळून तात्पुरता उपाय केला. समाजवाद कशासाठी हवा याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध लेख त्यानंतरचा, १९४९ च्या मे महिन्यातला. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुगा फुटला तेव्हा शल्यविशारद उशाशी होते, नवी शस्त्रक्रिया निघालेली होती, आणि आइन्स्टाइन यांनी सर्व काही समजून घेऊन शांतपणे नकार दिला. तो नकार त्यांचा होता. सिरोंच्याच्या मजुराच्या वाट्याला येणारा नकार त्याने दिलेला नसतो. तो त्याला कळवलाही जात नाही. नागपूरला न्या, एवढेच कळवले जाते.

सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली, तेही दोनशे किलोमीटरांपलीकडे. इंग्रजी अमलात हेच सिरोंचा ऊर्ध्व गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर थट्टा वाटावी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्यामागे शासन लोकांच्या जवळ यावे हाच हेतू होता. सिरोंच्याच्या बाबतीत ते जवळ येऊनही दोनशे किलोमीटरांवर थांबले. तालुक्यात रेल्वे नाही. आलापल्लीमार्गे जाणारा रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे त्या वाटेने गेलेल्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. जुलै २०२२ च्या पुरात गोदावरी व प्राणहितेने येथील गावेच्या गावे उठवली. त्यामुळे माणसे नदीपलीकडे पाहतात. कालेश्वरमचा पूल झाल्यापासून मंचेरियाल, करीमनगर, वारंगळ ही गावे रुग्णांना नागपूरपेक्षा जवळची वाटतात. भाषाही तेलुगू, म्हणजे अर्ध्या तालुक्याची घरचीच. राज्याची सीमा नकाशावर असते, दुखण्याला ती ठाऊक नसते. रुग्णाच्या हातातील शासकीय कार्डाला मात्र ती पक्की ठाऊक असते.

आता असा एक रुग्ण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. वय साठीचे, पन्नास पावलांवर पोटरी धरते, अंगठ्याला न भरणारी जखम. तो तालुक्याच्या ठिकाणाहून अहेरीला, तेथून गडचिरोलीला व तेथून नागपूरला पोचला. तेथे गर्दीतल्या तरुण डॉक्टराने त्याच्याकडे पाहिले: उभार छाती नाही, गाल बसलेले, वजन चाळीस किलो. त्या नजरेत दोनच निर्णय मावतात. एक म्हणजे हा माणूस भूल सोसणार नाही, पाय कापून मोकळे करा. दुसरा म्हणजे ही जंगलातली काटक माणसे, यांना काही होत नाही, घ्या टेबलावर. दोन्ही निर्णय दयेपोटी घेतलेले असू शकतात. दोन्ही मोजमापाविना घेतलेले असतात.

डॉक्टरांच्या नजरेची परीक्षा खरोखरच झालेली आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील २५ रुग्णालयांतील १,४०१ रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी रुग्णांची ताकद आपल्या अंदाजाने सांगितली. नंतर तीच यंत्रावर मोजण्यात आली. ज्यांची ताकद खरोखर अपुरी होती अशा शंभरांपैकी जेमतेम एकोणीस डॉक्टरांच्या नजरेला सापडले. डॉक्टर व रुग्ण एकाच भाषेत बोलणारे, एकाच प्रकारच्या घरात राहणारे, अशा देशांतील ही अवस्था! जेथे रुग्ण माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलतो, डॉक्टर मराठी-इंग्रजीत विचारतो, आणि मधला दुभाषी म्हणजे वॉर्डातला परिचर असतो, तेथे अंदाज किती खरा ठरावा?

त्याच अभ्यासात यंत्राच्या जोडीला एक साधी प्रश्नावली उपयुक्त ठरली. १९८९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेली ही बारा प्रश्नांची यादी आहे. (हे विद्यापीठ ज्या देणगीवर उभे राहिले ती अमेरिकन टोबॅको कंपनीच्या संस्थापकाची, माणसाचा दम तपासण्याची यादी तंबाखूच्या पैशाच्या छायेत जन्मावी, हा इतिहासाचा विनोद आहे.) यादीची कल्पना उत्तम. रुग्णाला रोजची कोणती कामे जमतात ते विचारायचे, दर कामाला ठरलेले गुण द्यायचे. परंतु कामे कोणती? एक मजला जिना चढता येतो का, व्हॅक्यूम क्लीनरने घर झाडता येते का, बागेत यंत्राने गवत कापता येते का, गोल्फ, टेनिस, बर्फावरून घसरण्याचा खेळ जमतो का! सिरोंच्याच्या गावात जिना कोठे आहे? गोल्फला ‘नाही’, टेनिसला ‘नाही’, जिन्याला ‘माहीत नाही’ असे उत्तर देणारी स्त्री त्या यादीत दुर्बळ ठरेल. मग त्याच दिवशी पहाटे तिने मोहफुलांची टोपली चार किलोमीटर आणलेली असो. विषमता अशीही असते. कोणी दुष्टपणा करत नाही, केवळ फूटपट्टी दुसऱ्याच्या अंगणात तयार झालेली असते.

ही यादी येथल्या जीवनातून नव्याने बांधता येण्यासारखी आहे. हातपंपावरून भरलेले दोन हंडे न थांबता घरी आणता येतात का? सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन बांध ओलांडता येतो का? रोवणीच्या वेळी दिवसभर वाकून चिखलात पाय ओढता येतात का? गेल्या उन्हाळ्यात किती पुडे बांधले, आणि त्याच्या आदल्या उन्हाळ्यात किती? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ज्याचे पुडे वर्षभरात निम्म्यावर आले त्याचे शरीर काही सांगत आहे, आणि ते सांगणे मुनिमाच्या वहीत लिहिलेले असते. अशा यादीतील कामांना किती गुण द्यावेत हे मोजून ठरवावे लागेल. दहा-वीस जणांना यंत्र लावून भागणार नाही, रीतसर अभ्यास हवा. गडचिरोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, चंद्रपुरात २०१५ पासून आहे. परदेशी यादीचे भाषांतर करणारे प्रबंध पुष्कळ निघतील. गोंडी, माडिया व तेलुगूतून श्रमाची यादी रचण्याचे काम या दोन महाविद्यालयांनी हाती घेतले तर ते देशातील साऱ्या वनप्रदेशांना उपयोगी पडेल.

यादीच्या जोडीला चालण्याची चाचणी. तीस मीटरांची सपाट जागा, दोन टोकांना दोन खुणा, एक घड्याळ, आणि बोटाला लावायचे प्राणवायूमापक, जे करोनाच्या साथीत आशा कार्यकर्तींच्याही हाती आले होते. रुग्णाने सहा मिनिटांत किती अंतर कापले ते मोजायचे. दुसरी एक चाचणी दहा मीटरांच्या फेऱ्यांची, ध्वनिफितीच्या ठोक्याबरोबर वेग वाढवत नेण्याची. १९९२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे ती प्रसिद्ध झाली. दोन्हींना वीज लागलीच तर नावापुरती, तज्ज्ञ लागत नाही, शिकवलेली परिचारिका पुरते. तीस मीटरांची सपाट जागा नसलेला तालुका महाराष्ट्रात नाही.

अर्थात या चाचण्यांना मर्यादा आहेत आणि त्या लपवून चालणार नाहीत. ज्याची पोटरी पन्नास पावलांवर धरते तो पायामुळे थांबतो. त्याच्या हृदयाची परीक्षा झालेलीच नसते. त्याला हाताने फिरवायची सायकल द्यावी लागते, किंवा हंडा-मोळीच्या प्रश्नांवर विसंबावे लागते. चालण्याची चाचणी चांगल्या दमाचा माणूस ओळखते. ती उत्तीर्ण न होणाऱ्याला यंत्राकडे पाठवायचे असते, परत घरी नव्हे. हा भेद जर शासकीय परिपत्रकात हरवला तर साऱ्या प्रयत्नाचे उलटेच फळ मिळेल.

कारण आकड्याला एक वाईट खोड आहे. तो मदतीसाठी येतो आणि दारवान होऊन बसतो. ‘अकराच्या आत’ म्हणून रुग्ण नाकारणे हे खाटा कमी असलेल्या रुग्णालयाला सोयीचे असते, आणि मृत्यूची टक्केवारी खाली ठेवू पाहणाऱ्या खाजगी रुग्णालयाला त्याहूनही सोयीचे. ब्रेस्ट्रोकसारखा एखादा खेळ न येणाऱ्याला पुलावरूनच परत पाठवावे, तसे ते होईल. मोजमापाचा खरा उपयोग निवडीसाठी आहे: कोणाला उघडी शस्त्रक्रिया, कोणाला जांघेतील वाहिनीतून आत सरकवायची जाळीची नळी, कोणाला अतिदक्षता विभागातील खाट, कोणाला काही आठवडे थांबून तयारी. जाळीच्या नळीची ही पद्धत अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० साली प्रथम वापरली. शरीरावर तिचा भार फार कमी, खिशावर फार जास्त. नळीचीच किंमत काही लाखांत जाते. म्हणजे दुर्बळ शरीराला मानवणारा उपाय नेमका दुर्बळ खिशाला न परवडणारा! आणि काही रुग्णांना खरोखरच शस्त्रक्रिया न करणे हिताचे असते. उघड्या शस्त्रक्रियेस असमर्थ ठरलेल्यांवर ब्रिटनमध्ये जो तुलनात्मक प्रयोग झाला, त्याच्या २००५ सालच्या निष्कर्षांत नळी बसवलेल्यांचे व न बसवलेल्यांचे एकूण मृत्यू सारखेच निघाले. अशा वेळी नकार हाही उपचार असतो. तो मोजून द्यावा, कारण सांगून द्यावा, आणि रुग्णाच्या भाषेत द्यावा.

मोजल्यावर जो दुर्बळ निघाला त्याला सबळ करता येते काय? इंग्लंडमधील हल येथे महारोहिणीच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १२४ रुग्णांपैकी निम्म्यांकडून सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम केलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरचे गंभीर उपद्रव शेकडा २२.६, न केलेल्यांत शेकडा ४१.९. आकडा मोहक आहे. मात्र २०२१ साली अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी पुरावा अद्याप अपुरा आहे असेच म्हटले, आणि कार्यकर्त्यांनी सभांतून याहून मोठा दावा करू नये. पायाच्या बंद रोहिण्यांच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे: कळ येईपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे, असा क्रम काही महिने चालवला तर अनेकांचे वेदनारहित अंतर वाढते, काहींची शस्त्रक्रियाच टळते. जखम व काळे पडलेले बोट असणाऱ्यांना हा उपाय लागू नाही, त्यांना तातडीने वाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पोचवले पाहिजे.

परंतु हलचा व्यायाम जसाच्या तसा सिरोंच्यात आणणे हा अडाणीपणा ठरेल. हलच्या रुग्णाला सायकल चालवून भूक लागते व घरी भाकरीची चिंता नसते. येथे प्रथम रक्त पाहावे लागेल. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. चौदा ग्रॅम असलेल्या माणसाचे शंभर मिलिलिटर रक्त जेथे सुमारे एकोणीस मिलिलिटर प्राणवायू नेते, तेथे सात ग्रॅमवाल्याचे साडेनऊच नेते. त्याला कितीही चालवा, गाडीत निम्माच माल आहे. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचा जोर महाराष्ट्रात सर्वाधिक, आणि गोंड, माडिया, परधान या समाजांत सिकलसेलची जनुके मोठ्या प्रमाणात. सिकलसेलच्या रुग्णाला मे महिन्याच्या उन्हात, पाणी कमी पडलेले असताना दमवणे म्हणजे वेदनेचा झटका ओढवून घेणे. म्हणून येथील तयारीची सुरुवात सकाळच्या फेरफटक्यापासून होणार नाही. ती रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, हिवतापाचा उपचार, पोटभर डाळ-भात-अंडी आणि तंबाखू सोडणे यांपासून होईल, चालणे त्यानंतर. ज्याला ‘आळशी’ म्हणून हिणवले गेले असा कितीतरी मजूर या तपासणीत केवळ रक्तहीन असल्याचे आढळेल.

आणि सहा आठवडे कोणते? एप्रिलअखेर ते मे हा तेंदूचा हंगाम, वर्षाच्या रोख कमाईचा. जुलै-ऑगस्ट रोवणीचा. घरातील माणूस तयारीसाठी बसला तर चूल कशावर पेटणार? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैत ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. पुढे २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. तिने अनेकांचे प्राण वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तिची रचना पॅकेजची आहे. कापणे, जोडणे, नळी बसवणे यांना दर आहे. कापण्याची वेळ येऊ नये म्हणून किंवा कापणे सोसावे म्हणून गावात केलेल्या सहा आठवड्यांच्या तयारीला दर नाही. आदिवासी भागातील गरोदर मजूर स्त्रियांना बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने मानव विकास कार्यक्रमात मान्य केले आहे. तेच तत्त्व मोठ्या शस्त्रक्रियेच्या तयारीतील मजुराला लावण्यात कोणती घटनात्मक अडचण आहे?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो विरोधकांकडून येण्याआधी मित्रांकडूनच येतो. जेथे बालमृत्यू, हिवताप, साप चावल्यावरची लस हे प्रश्न सुटलेले नाहीत, तेथे महारोहिणीच्या शस्त्रक्रियेची चर्चा म्हणजे शहरी चैन! आक्षेपात तथ्य आहे. सिरोंच्यात महारोहिणीचे शस्त्रक्रियागृह उभारा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. भोर समितीने १९४६ सालीच पायऱ्यापायऱ्यांची आरोग्यव्यवस्था मांडली होती: गावाजवळ प्राथमिक केंद्र, वर तालुका, त्यावर जिल्हा. मोजमाप खालच्या पायरीवर आणि शस्त्रक्रिया वरच्या, हे त्या मांडणीत चपखल बसते. शिवाय सहा मिनिटांची चाल केवळ रक्तवाहिन्यांच्या रुग्णासाठी नाही. क्षयातून उठलेला, हृदयाची झडप बिघडलेली तरुणी, विडी-चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेली म्हातारी, सर्वांना ती तीच. आणि पाय कापणे हे स्वस्त असते हा गैरसमज आहे. कृत्रिम पायावर चालायला दोन पायांपेक्षा अधिक शक्ती लागते. गुडघ्यावर कापले तर फारच अधिक. ज्याच्यात ती शक्ती नव्हती म्हणून पाय कापला, त्याच्याकडूनच ती मागितली जाते. तो अंगणात बसून राहतो आणि शाळेतील एक मूल जंगलात जाऊ लागते.

गडचिरोलीत या दिशेने जाणारी माणसे व संस्था आहेत. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून उभा आहे, शोधग्राममधील ‘सर्च’च्या दवाखान्यात बाहेरचे शल्यविशारद शिबिरांसाठी येतात, तंबाखू व दारू यांविरुद्ध ‘मुक्तिपथ’चे काम २०१६ पासून झाले. त्यांच्यावर सारा भार टाकून शासनाने हात झटकावेत असा मात्र याचा अर्थ होऊ देता कामा नये.

उरतो तेंदूचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. वनहक्क कायदा व पेसा यांच्या आधाराने येथील ग्रामसभा आता तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. दीर्घ लढ्यातून मिळालेला हा अधिकार आहे. विडीविरुद्ध बोलणे म्हणजे आदिवासीच्या हातातील रोख पैशाविरुद्ध बोलणे, अशी कोंडी कंत्राटदार मोठ्या चतुराईने उभी करतात. पान तोडणारा दोषी नाही, पान ही केवळ गुंडाळी आहे, आणि पर्यायी उत्पन्नाशिवाय त्याला उपदेश करणे हे ढोंग आहे. पण ग्रामसभेच्या निधीत जो पैसा येतो, त्यातील काही भाग पायाची कळ घेऊन बसलेल्यांच्या तपासणीकडे वळवण्याचा ठराव ग्रामसभाच करू शकते. पानाच्या पैशाने पाय राखावेत, यात कोणाचे काय बिघडते?

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या तेंदू हंगामापूर्वी एवढे करता येईल. प्रत्येक गावात चालताना पोटरी धरणाऱ्या, बोटाची जखम न भरणाऱ्या माणसांची यादी करावी; त्यांचे गेल्या दोन हंगामांचे पुडे मुनिमाच्या वहीतून उतरवून घ्यावेत. ती यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयात तीन गोष्टी मागाव्यात: घोटा व दंड यांचा रक्तदाब ताडून पाहण्याचे हातातले डॉप्लर यंत्र, हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी, आणि सहा मिनिटांच्या चालीसाठी शिकवलेली एक परिचारिका. चालीचे अंतर, रक्ताचा आकडा व कामांची यादी असलेला कागद रुग्णाबरोबर वरच्या रुग्णालयात जावा आणि तेथील निर्णय, होकार असो वा नकार, कारणासह त्याच कागदावर लिहून परत यावा. नदीपलीकडच्या कोणत्या रुग्णालयात महाराष्ट्राचे कार्ड चालते व कोणत्यात नाही, याचा फलक तहसील कचेरीच्या भिंतीवर मराठी व तेलुगूत लावण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. पान फुटायला फाल्गुनानंतर फार दिवस लागत नाहीत. याद्या त्याआधी तयार हव्यात.